घरात तांदूळ आहे, तरीही कुटुंब अन्न-असुरक्षित कसे?

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेकडे पोषणविषयक सर्वेक्षणाचा एक नमुना आला असून त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे कुटुंब 'अन्न-सुरक्षित' आहे की 'अन्न-असुरक्षित' हे नोंदवायचे आहे. गावात उपाशी झोपणारे एकही घर त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे बहुतेक रकाने त्यांनी 'सुरक्षित' असे लिहून भरले. दोन घरांपाशी मात्र त्यांची लेखणी अडली. पहिल्या घरात एक विधवा आजी आणि तिची दोन नातवंडे राहतात. स्वतःचे कौलारू घर, परसात चार माड, रेशनकार्ड आणि दरमहा थोडे सरकारी मानधन आहे. दुसरे घर म्हणजे भाड्याची एक खोली. तिथले जोडपे परराज्यातून आलेले, गवंडीकामावर जाणारे. हातात रोज रोकड असते, रविवारी कोंबडी शिजते, पण रेशनकार्ड त्यांच्या मूळ गावी आहे. यातले असुरक्षित घर कोणते, आणि मुळात या शब्दाचा अर्थ काय, असे बाईंनी विचारले आहे.

गेली सव्वीस वर्षे मी गोव्यात सामाजिक पोषणाच्या क्षेत्रात काम करते आहे, आणि हाच प्रश्न मला अंगणवाडी सेविकांपासून पंचसदस्यांपर्यंत अनेकांनी विचारला आहे. त्यात विचारणाऱ्यांचा दोष नाही, कारण गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत आपण 'अन्न सुरक्षा' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा भेसळ, स्वच्छता, परवाने, वेष्टनावरील माहिती यांच्याशी संबंधित आहे. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा मात्र लोकांना धान्य आणि पोषण मिळण्याच्या हक्काविषयी आहे. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीत फॉर्मेलिन (मासळी टिकवण्यासाठी वापरले जाणारे घातक रसायन) असल्याचे प्रकरण गाजले आणि परराज्यातील मासळीची आयात काही दिवस थांबवावी लागली, तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा चालली होती ती पहिल्या अर्थाच्या सुरक्षेची. आपल्या नमुन्यातील शब्द दुसऱ्या अर्थाचा आहे. दोहोंचा संबंध अजिबात नाही असे नाही, पण बांगडा खाण्याजोगा आहे का आणि बांगडा घेणे परवडते का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर सर्वेक्षणाचा पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता व्याख्या. १९९६ साली रोम येथे झालेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेत जी व्याख्या मान्य झाली, तिचा आशय असा आहे: सर्व लोकांना, सर्व काळ, पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्ष हाती येण्याची व ते परवडण्याची सोय असावी, ते अन्न त्यांच्या शरीराच्या गरजा व त्यांची आवड भागवणारे असावे, आणि त्यावर त्यांना सक्रिय, निरोगी जीवन जगता यावे. यातला एखादा धागा जिथे तुटतो तिथे अन्न-असुरक्षितता सुरू होते. अभ्यासक याचे चार पैलू मांडतात: अन्न उपलब्ध असणे, ते मिळवता येणे, खाल्लेले शरीराला लागणे आणि या तिन्ही गोष्टी वर्षभर टिकून राहणे. माझ्या अनुभवात ही व्याख्या वाचणारे पहिल्या पैलूपाशीच थांबतात. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेतही भर धान्याचा पुरवठा आणि साठा यांवरच होता. पुढे अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून १९८१ साली दाखवून दिले, की धान्य असतानाही माणसे मरू शकतात, कारण मजुरी आणि धान्याची किंमत यांचा मेळ तुटला की शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांची धान्यावरची पकडच सुटते. तेव्हापासून 'अन्न किती आहे' याच्या बरोबरीने 'ते कोणाच्या हाती पोचते' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरभरून वाहत असतो. त्यावरून कोणत्याही एका घराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगणे योग्य होईल. उमेदवारीच्या काळात सत्तरीतील एका वाड्यावर मी घरोघरी फिरत होते, आणि माझा पहिला प्रश्न असे, "घरात तांदूळ आहे ना?" प्रत्येक घरातून होकार येई, कारण तांदूळ नाही असे परक्या माणसाला सांगणे ही आपल्याकडे फार नामुष्कीची गोष्ट समजली जाते, आणि खरोखरच बहुतेक घरी तांदूळ असे. एका घरी मी 'सुरक्षित' असे लिहून उठणार तोच तिथली म्हातारी सहज बोलून गेली, "तांदूळ आहे गो बाय, पण त्याच्याबरोबर कालवायला काही नाही." त्या घरात अकरा दिवस शीत (भात), मीठ आणि सोलांचे (कोकमाचे) पाणी एवढ्यावरच चालले होते. गरोदर सून तेच खात होती, आणि तिच्या हिमोग्लोबिनचा अहवाल मी आदल्याच आठवड्यात पाहिलेला होता. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर असून मी त्या जोडल्या नव्हत्या.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. "आज नुस्तें कितें?" (आज मासळी कोणती?) हा गोव्यात कुशल विचारण्याचाच एक प्रकार आहे, त्यामुळे त्यात चौकशीचा वास येत नाही, आणि उत्तरातून घराची स्थिती तांदळाच्या डब्यापेक्षा अधिक कळते. कारण कुटुंब अडचणीत आले की माघार एका ठरावीक क्रमाने घेतली जाते, आणि भात त्या क्रमात जवळजवळ शेवटी येतो. सर्वांत आधी येते ती चिंता: महिनाअखेर कशी काढायची, पसरकार (गावचा दुकानदार) उधारीची वही पुढे ओढू देईल का. मग पदार्थ बदलतात. इसवण (सुरमई) तर आधीच सुटलेला असतो; आता बांगड्यांच्या जागी तारले येतात, तारल्यांच्या जागी सुके खारे, आणि पुढे नुसत्या सोलांच्या कढीवर भागवले जाते. डाळ पातळ होते, अंडी बंद होतात, चहा कोरा होतो, सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतल्या जाणाऱ्या पावांची संख्या घटते. इथपर्यंत पोट भरत असते, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. यानंतर प्रमाण कमी होऊ लागते, आणि तेही सर्वांचे एकाच वेळी होत नाही. आधी घरातील बाईचे, त्यातही सुनेचे, मग म्हाताऱ्यांचे, मग कमावत्या पुरुषाचे आणि अगदी शेवटी मुलांचे. म्हणून मुलाचे वजन उतरलेले दिसते, तेव्हा त्या घराची माघार बरीच आधी सुरू झालेली असण्याची शक्यता धरून चालावे. अर्थात वजन आजारानेही उतरते, ते वैद्यकीय तपासणीने वेगळे करावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जी आठ प्रश्नांची अनुभव-मापनपट्टी तयार केली आहे, ती नेमकी याच क्रमावर उभी आहे. गेल्या बारा महिन्यांत पैशांच्या किंवा अन्य साधनांच्या अभावी असे कधी घडले का, अशा सुरुवातीनंतर ती एकेक पायरी विचारत जाते: पुरेसे अन्न मिळणार नाही याची काळजी वाटली का, पोषक अन्न खाता आले नाही असे झाले का, मोजक्याच प्रकारच्या पदार्थांवर भागवावे लागले का, एखादे जेवण चुकवावे लागले का, खायला हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का, घरातले अन्न संपून गेले का, भूक असून खाल्ले नाही असे झाले का, पूर्ण दिवस न खाता काढावा लागला का. पहिल्या दोन-तीन प्रश्नांना होकार आला की सौम्य असुरक्षितता, मधल्या प्रश्नांपर्यंत पोचली की मध्यम आणि शेवटच्या प्रश्नांना होकार आला की तीव्र, असा ढोबळ अर्थ आहे. प्रत्यक्ष वर्गवारी संख्याशास्त्रीय पद्धतीने होते आणि ती आपल्याला करायची नाही. जगाच्या पातळीवर २०२४ या वर्षासाठी उपासमारीचा अंदाज सुमारे ६७ कोटी ३० लाख लोकांचा होता, तर मध्यम किंवा तीव्र असुरक्षितता अनुभवणारे सुमारे २३० कोटी. या दोन आकड्यांमधल्या दीडशे कोटींहून अधिक माणसांविषयीच आपला प्रश्न आहे. ती उपाशी या व्याख्येत बसत नाहीत, आणि आपल्या नमुन्यात 'सुरक्षित' म्हणूनही त्यांची नोंद करता येत नाही.

आता 'सर्व काळ' या दोन शब्दांकडे वळू, कारण गोव्यात हा प्रश्न पंचांग हाती घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्या पूर्वजांना हे व्याख्येविना ठाऊक होते. पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करायची, म्हणजेच पुरुमेंत भरायचे, ही रीत त्यातूनच आली. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला (सणाला) भरणाऱ्या फेरीत, म्हणजे जत्रेत, आजही सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, सोले, चिंच, मीठ यांचे ढीग लागतात. हिंदू घर असो वा ख्रिस्ती, आषाढात पावसाने कोंडले की याच साठ्यावर तोंडीलावणे निघत असे. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळी महाग होते ती याच काळात, आणि उघड्यावरची मजुरी बंद पडते तीही याच काळात. त्याआधी मे महिन्यात शाळेला सुट्टी असल्यामुळे माध्यान्ह आहार थांबलेला असतो. प्राथमिक वर्गातील मुलाला त्या आहारातून ४५० कॅलरी मिळाव्यात असे प्रमाण ठरलेले आहे. ज्या घरी ती भाजी-पावाची वाटणी मुलाचे दुपारचे जेवणच असते, तिथे सुट्टी म्हणजे घरावर एका जेवणाचा वाढीव भार. पुरुमेंत भरायलाही एकरकमी पैसा लागतो, आणि ज्याच्याकडे तो नाही तो आषाढात तेच जिन्नस चढ्या भावाने, चिमूट-चिमूट विकत घेतो. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी. हे बाराही महिने घडत नाही, दरवर्षी ठरलेल्या वेळी घडते. म्हणून याला हंगामी असुरक्षितता म्हणतात. जानेवारीत सर्वेक्षण केले तर ती कागदावर दिसतही नाही.

याहून वेगळी असते ती अचानक कोसळणारी. आपण डिचोलीत राहता, त्यामुळे खाणी बंद झाल्याचे दिवस आपणास सांगायला नकोत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबले, काही काळाने मर्यादित प्रमाणात सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यात तेव्हा मी जी घरे पाहिली त्यांतली बरीच पक्की, रंगवलेली, दारात ट्रक उभा असलेली होती. दारिद्र्यरेषेच्या कोणत्याही यादीत ती आली नसती. पण ट्रकचा हप्ता ठरलेला, मुलांची फी ठरलेली, विजेचे बिल ठरलेले. घरखर्चात हवे तेव्हा कापता येण्याजोगी एकच बाब उरते आणि ती म्हणजे जेवण. बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. दूध बंद केले तर कोणाचीही नोटीस येत नाही. घरातले उत्पन्न आणि घरातले जेवण एकाच गतीने खाली येत नाहीत, जेवण पुष्कळदा आधी आणि अधिक वेगाने खाली येते, हे मला पुस्तकांपेक्षा त्या दोन-तीन वर्षांनी अधिक शिकवले. म्हणूनच केवळ उत्पन्नाचा दाखला पाहून नमुना भरू नये असा माझा आग्रह आहे.

उपलब्धतेचा धागाही गोव्यात तुटू शकतो, मात्र क्वचित. भाजीपाला आणि दुधाचा मोठा भाग बेळगावकडून घाट उतरून येतो. स्वतःची भातशेती आहे, पण बरीच खाजने (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेते) बांध फुटून खारे पाणी शिरल्याने किंवा मजुरांअभावी पडीक आहेत. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात टाळेबंदीत किराणा दुकानेही काही दिवस बंद होती, तेव्हा हातात पैसे असलेल्या माणसालाही दुकानाबाहेर उभे राहून आपण किती परावलंबी आहोत याची जाणीव झाली. तो अनुभव बहुतेकांच्या लक्षात राहिला आणि त्यावर चर्चाही झाली. त्यामानाने ज्यांच्यासाठी प्रत्येक जूनचा अखेरचा आठवडा असाच असतो त्यांची चर्चा होत नाही.

रेशनकार्डाविषयीही एक भ्रम आहे. कार्ड आहे म्हणजे कुटुंब सुरक्षित, असे आपल्या नमुन्यातील एका टिपेवरून वाटू शकते. कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम तांदूळ, अर्थात पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. कष्टाचे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या गरजेचा तो पाव भागही नाही. या आधाराचे मोल मी कमी लेखत नाही, कारण तांदळावरचे जे पैसे वाचतात त्यांतूनच पुष्कळ घरी डाळ येते. पण कार्ड फक्त धान्य देते. डाळ, तेल, मासळी, भाजी, दूध यांचा भार बाजारावरच राहतो. आणि आपल्या जेवणात असुरक्षिततेचा पहिला घाव बसतो तो याच जिनसांवर, हे वर पाहिलेच.

त्याचा परिणाम शरीरावर दिसतो, तोही फसवा असतो. दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, निम्म्याहून अधिक मुलांना रक्तक्षय होता, आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३९ टक्के स्त्रियाही रक्तक्षयी होत्या. त्याच फेरीत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण स्वयंपाकघरात उभे राहिले की वाटत नाहीत: भात, पाव, साखरेचा चहा, तळलेले फरसाण हे स्वस्तात पोट भरणारे पदार्थ आहेत, त्यांनी वजन वाढते आणि लोह, प्रथिने कमीच राहतात. म्हणून अंगाने भरलेली आई समोर आली की तिच्या घरी सर्व ठीक आहे असे गृहीत धरू नये. उलट बाजूही लक्षात असावी. कुपोषण म्हणजे अन्न-असुरक्षितता असे समीकरण नाही. दूषित पाणी, वारंवार होणारे जुलाब, जंत, अवेळी आलेले गरोदरपण यांमुळे भरल्या घरातले मूलही खुरटते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला तातडीने उपचार हवेत, एवढे तो मापदंड सांगतो. तो घेर का घटला हे त्याला सांगता येत नाही.

आता आपली दोन घरे. मला ती प्रत्यक्ष पाहता आलेली नाहीत, म्हणून माझे मत आपण तपासून घ्यावे.

आजीच्या घराविषयी मला अधिक काळजी वाटते. घर स्वतःचे आहे, माड आहेत, कार्ड आहे, त्यामुळे ते घर शेवटच्या पायऱ्यांपर्यंत सहसा उतरणार नाही. तीन माणसांचे पंधरा किलो तांदूळ, परसातले अळू, पावसाळ्यात उगवणारा तायकिळा, शेजाऱ्याने आणून दिलेली फणसाची भाजी यांवर पोट भरेल. पण मानधन उशिरा आले की त्या घरात दुसरा रोख पैसा नाही, आणि माडाचा पाडेली (नारळ उतरवणारा) पैसे मागतो म्हणून नारळ वेळेवर उतरत नाहीत. वाढत्या वयाच्या नातवंडांना डाळ, अंडी, दूध आठवड्यातून किती वेळा मिळते हे विचारा, आणि विशेष म्हणजे आजी स्वतः काय खाते हे विचारा. अशा घरांतून "म्हातारपणी भूकच लागत नाही" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मी आता उत्तर म्हणून लिहून घेत नाही. पुढचा प्रश्न विचारते. माझा अंदाज हे घर मध्यम असुरक्षिततेत, आणि तेही दीर्घकालीन स्वरूपाच्या असुरक्षिततेत येईल असा आहे.

गवंड्याच्या घराचे चित्र उलटे आहे. काम चालू असते त्या महिन्यांत त्यांचे ताट आजीच्या ताटापेक्षा नक्कीच सकस असेल, आणि कोंबडी शिजताना पाहून गावकऱ्यांना ते सुखवस्तू वाटत असतील. पण त्यांच्याकडे परस नाही, साठवायला जागा नाही, उधारी देणारा जुना पसरकार नाही, आणि गावाकडे पाठवायचे पैसे ठरलेले आहेत. पाऊस लागून काम थांबले, किंवा पायाला जखम होऊन माणूस पंधरा दिवस बसला, तर ते घर पहिल्या पायरीवरून थेट सहाव्यावर जाऊ शकते. 'एक देश, एक शिधापत्रिका' या सोयीमुळे त्यांचे कार्ड इथल्या रास्त भावाच्या दुकानातही चालले पाहिजे. ते आधारशी जोडलेले आहे का आणि त्यात या जोडप्याची व मुलांची नावे आहेत का, हे तपासायला त्यांना मदत करा. हेच कार्ड गावी राहिलेली म्हातारी माणसे वापरत असतील तर आपापल्या वाट्याचे धान्य दोन ठिकाणी उचलता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. आज हे घर सौम्य पायरीवर असेल. आषाढात ते कुठे असेल हे आजच्या भेटीतून सांगता येणार नाही.

प्रश्न विचारण्याविषयी चार शब्द. प्रश्न घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि नवरा, सासू किंवा शेजारीण समोर नसताना विचारा. विद्यार्थ्यांना तर वर्गात उभे करून हे कधीही विचारू नका. मुले खोटे बोलतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. 'पैशांअभावी' ही अट प्रत्येक प्रश्नासोबत पुन्हा उच्चारा, नाहीतर एकादशी, श्रावणी सोमवार आणि चाळीस दिवसांची कोरेज्म (ख्रिस्ती उपवासकाळ) ही सगळी व्रते 'जेवण चुकवले' या रकान्यात जाऊन बसतात. मी तपासलेल्या एका गठ्ठ्यात अख्खा वाडा श्रावणामुळे असुरक्षित ठरला होता. याउलट, जिने मासळी परवडत नाही म्हणून सोमवारांच्या जोडीला आणखी दोन वार धरले आहेत तिला ओळखायला शिका. तशा बायका आहेत, आणि त्या व्रताचेच कारण सांगतात.

नमुन्यात 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' असे दोनच रकाने असतील, तर शेवटच्या पायऱ्यांचीच नव्हे, मधल्या पायऱ्यांची घरेही 'असुरक्षित' मध्ये लिहा आणि शेऱ्यात कोणत्या प्रश्नापर्यंत होकार आला तो क्रमांक व भेटीचा महिना नोंदवा. आधी 'सुरक्षित' लिहून झालेल्या घरांपैकी ज्यांची कमाई रोजंदारीवर किंवा मासळीवर आहे, तेवढ्या घरांकडे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक फेरी मारा. शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास जा. त्या वेळी चूल पेटलेली असते आणि त्यावर काय चढले आहे ते विचारावे लागत नाही.